रजा वाढवण्याआधी शिफ्टचे वेळापत्रक तपासा

आपल्या सत्तर कामगारांच्या कारखान्यात बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या स्त्रिया चार-सहा महिन्यांत काम सोडतात, म्हणून सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आणखी वाढवावी का, असे आपण विचारले आहे. चाकण परिसरातील एका कारखान्याच्या कार्मिक विभागात मी बावीस वर्षे काम केले. माझ्या मते रजेला हात लावण्याआधी शिफ्टचे वेळापत्रक पाहावे.

आमच्याकडे दुसऱ्या शिफ्टचा कोणी आला नाही, की सुपरवायझर अडीच वाजता लाईनवर येऊन "आज थांबावं लागेल" एवढेच सांगून जात असे. मग पाण्याच्या टाकीजवळ बायकांचे फोन सुरू होत. कोणी सासूला, कोणी शेजारणीला, कोणी शाळेच्या रिक्षावाल्या काकांना. ओव्हरटाइमचा दर कायद्याने दुप्पट आहे हे खरे, पण सहा वाजता कुलूप लावणाऱ्या पाळणाघराच्या बाईंना त्याचे काय? पुढे आम्ही दर महिन्याच्या २५ तारखेला पुढच्या महिन्याचे वेळापत्रक फळ्यावर लावू लागलो, दोघांना लेखी अर्जावर आपसात शिफ्ट बदलण्याची मुभा दिली आणि दर लाईनमागे एक बदली कामगार ठेवला. या जादा माणसाचा पगार व्यवस्थापनाच्या गळी उतरवायला मला आठ महिने लागले. अदलाबदलीचे पहिले अर्ज मात्र पुरुषांचे आले. त्यातल्या एकाची पत्नी परिचारिका होती आणि तिच्या रात्रपाळीच्या आठवड्यात मुलांची शाळा त्याच्याकडे असे.

दुसरा मुद्दा पाळणाघराचा. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणे २०१७ च्या दुरुस्तीपासून (प्रसूती लाभ कायद्यातील) बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाता येते. ही संख्या एकूण कर्मचाऱ्यांची धरायची, केवळ स्त्रियांची नव्हे. कारखाना अधिनियमातील जुनी तीस स्त्री कामगारांची अट डोक्यात असल्याने अनेकजण येथे चुकतात. शेजारच्या आस्थापनांसोबत सामायिक सोयही चालते, आणि आपल्याएवढ्या कारखान्याला तीच परवडेल.

आमचे पाळणाघर पहिले चार महिने रिकामेच होते. भिंतींवर ससे रंगवले, पाळणे आणले, आणि वेळ ठेवली कार्यालयाची, म्हणजे नऊची. पहिली शिफ्ट मात्र सातला सुरू होई. ही चूक माझीच. वेळ साडेसहाची केली आणि कंपनीच्या बसमधील पुढच्या दोन रांगा मुलांना घेऊन येणाऱ्यांसाठी राखल्या, तेव्हा मुले येऊ लागली.

आपण प्रथम काम सोडून गेलेल्या तिघी-चौघींना फोन करून घरातून निघण्याची वेळ कोणती होती आणि बाळ कोणाजवळ राहत असे, एवढेच विचारावे. तो फोन त्यांच्या सुपरवायझरने मात्र करू नये.