डॅशबोर्ड रंगवायच्या आधी एक रात्र ऑप्समध्ये बसून ये

तुझा मेल नीट वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ही मुलगी सांगलीची, गावभागातली, बी.टेक. इलेक्ट्रिकल झालीय, पुण्यातल्या एका बॅटरी स्वॅपिंगच्या, म्हणजे रिक्षावाल्यांना उतरलेली बॅटरी देऊन भरलेली घेता येते अशी स्टेशनं चालवणाऱ्या स्टार्टअपमध्ये इंटर्नशिप चालू आहे आणि तीही घरूनच. काम मिळालंय ऑपरेशन्स टीमचा, म्हणजे स्टेशनं रोज चालती ठेवणाऱ्या ऑप्सवाल्यांचा डॅशबोर्ड, त्यांची सगळी माहिती एकत्र दाखवणारी स्क्रीन, नव्यानं डिझाइन करायचं. तिनं फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये डार्क थीम, गोल गोल मीटर, मोठा नकाशा असं सगळं केलं, मीटिंगमध्ये सगळे छान छान म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी ऑप्सवाले परत आपल्या जुन्या एक्सेल शीटवर. आता ती विचारतेय की दीड लाखाचा यूएक्सचा (वापरणाऱ्याला सोयीचं डिझाइन करायचा) कोर्स लावू, डिझाइनच्या पदव्युत्तर प्रवेशाची सीईईडी परीक्षा देऊ, का पप्पा म्हणतात तसं महावितरणच्या भरतीचा अभ्यास सुरू करू.

बघ, तुला डिझाइन जमत नाही असं मला तरी कुठं दिसलं नाही. पण एवढ्या लांबलचक मेलमध्ये ऑप्सच्या एकाही माणसाचं एकही वाक्य नाही, आणि अगदी शेवटी तू सहज लिहून गेलीस की स्वॅप स्टेशन अजून फक्त फोटोत बघितलंय. माझ्या मते सगळं दुखणं तिथंच आहे, त्यावर कोर्सचा इलाज नाही.

तू गावभागातली आहेस म्हणून तुला हे लगेच पटेल. पुराच्या दिवसांत आपण सगळे काय विचारतो? कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, हे सांगलीत शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. पण नुसत्या आकड्यावर कुणी थांबत नाही, लगेच विचारतात कितीचं रीडिंग आहे, तासाला किती इंच चढतंय, कोयनेतनं किती क्युसेक सोडलंय, कारण त्यावरनं ठरवायचं असतं की सामान माडीवर चढवायचं का सगळं सोडून विश्रामबागला पाहुण्यांकडं जायचं. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा "पातळी वाढतेय" एवढ्यावर कुणाचं भागलं असतं का? ऑप्सच्या खुर्चीत बसलेल्या माणसालाही रोज हेच लागतं, की आकडा किती, तो कधीचा, चाललाय कुठल्या दिशेला, आणि मी आत्ता काय करू.

आता तुझी स्क्रीन बघ. सगळ्यात मोठ्या अक्षरात काय आहे, तर शहरातल्या ७२ टक्के बॅटऱ्या चार्ज. साहेबांना दाखवायला बरंय, पण रात्री नऊ वाजता ऑप्सवाला त्याचं काय करणार? बाकी शहरात भरलेल्या बॅटऱ्या पडून असतील आणि एखाद्या गर्दीच्या स्टेशनवर एकच तयार असेल, आणि ज्या रिक्षाला जोडीनं दोन लागतात त्या रिक्षावाल्यासाठी ती एक म्हणजे शून्यच की. तो आधीच जेमतेम चार्जवर तिथपर्यंत आलेला असतो, तिथनं परत फिरला तर त्याचा धंदा बुडतो. म्हणजे स्क्रीनवर टक्के नकोत, जोड्या मोजायला हव्यात, आणि कुठलं स्टेशन अंदाजे किती मिनिटांत रिकामं होणार ते सगळ्यात वर यायला हवं.

दुसरं, स्टेशनवर बॅटऱ्या ज्या खणांत ठेवून चार्ज करतात, त्यातल्या "चार्ज होत नाही" असलेल्या सगळ्या खणांना तू लाल केलंयस. इथं तुझं इलेक्ट्रिकल कामाला यायला पाहिजे होतं बघ. भर उन्हातनं धावून आलेली बॅटरी तापलेली असते, आणि साधारण ४५ अंशांच्या वर बऱ्याच लिथियम सेलचं चार्जिंग बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारी तिच्यातलीच यंत्रणा, थांबवून ठेवते किंवा कमी करते. ती बॅटरी बिघडलेली नाही, निवतेय. शेजारच्या खणात चार्जर खरंच गेलेला असू शकतो, आणि तिसऱ्या स्टेशनवर एरियाची लाइटच गेलेली असू शकते. तिन्हीला एकच लाल रंग दिला तर टेक्निशियन कुठं पाठवायचा हे कसं कळणार? एकाला वाट बघायची, दुसरीकडं माणूस पाठवायचा, तिसरीकडं रिक्षावाल्यांना दुसऱ्या स्टेशनवर वळवायचं, म्हणजे काम तीन प्रकारचं आहे तर स्क्रीनवरही तीन वेगळ्या गोष्टी दिसू देत, आणि त्याही शब्दात लिहून, कारण लाल-हिरवा वेगळा न ओळखू येणारी माणसं प्रत्येक टीममध्ये असू शकतात.

आणि स्टेशनचं नेटवर्क गेलं की काय होतं ते तू दाखवलेलंच नाहीस. शेवटचा आकडा तसाच गोठून राहतो आणि बघणाऱ्याला वाटतं सगळं आलबेल. "१७ मिनिटांपूर्वीचं" असं तिथंच शेजारी दिसलं पाहिजे आणि आकडा फिका पडला पाहिजे. तसंच तुझं ते "दार लॉक" चं हिरवं चिन्ह. ते लॉकचा सेन्सर सांगतोय म्हणून हिरवं होतं का सर्व्हरनं लॉक हो म्हणून कमांड पाठवली म्हणून? उद्याच डेव्हलपरला हे विचार. १९७९ मध्ये अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला तेव्हा कंट्रोल रूममधला दिवा व्हॉल्व्हला बंद व्हायची कमांड गेली एवढंच सांगत होता, व्हॉल्व्ह प्रत्यक्षात उघडाच अडकलेला होता आणि ऑपरेटरना दोन तासांहून जास्त वेळ ते लक्षात आलं नाही, वरनं पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून जास्त अलार्म वाजले होते, त्यात कुणी काय बघायचं? तुझ्या स्क्रीनच्या उजव्या बाजूला अलर्टची जी लांब पट्टी आहे ती बघून मला हेच आठवलं. प्रत्येक अलर्टला स्वतःला विचार, हा आला की माणूस नक्की काय करणार. काहीच करणार नसेल तर तो तिथं नकोच, लॉगमध्ये, म्हणजे मागं साठणाऱ्या नोंदींत जाऊ दे. आणि जो राहील त्याला "मी बघतोय" असं एक बटण दे, नाहीतर दोघं एकाच स्टेशनला फोन लावतात आणि दुसऱ्याकडं कुणीच बघत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की मॅनेजरकडनं दोन दिवस मागून घे, एसटी पकडून पुण्याला जा. एक संध्याकाळ स्वॅप स्टेशनवर नुसती उभी राहा, रिक्षावाला क्यूआर स्कॅन करतो, दार उघडतं, तो उतरलेली बॅटरी आत ढकलतो, भरलेली घेतो, यात कुठं अडतं ते बघ, त्यांच्याशी बोल. मग रात्रपाळीला ऑप्सवाल्याच्या मागं खुर्ची टाकून बस. सारखं काही विचारू नकोस, फक्त तो एक्सेलच्या कुठल्या कॉलममध्ये परत परत जातो आणि वहीत काय लिहितो ते टिपून ठेव. पाळी बदलताना एकजण दुसऱ्याला तोंडी काय सांगतो ते तर शब्दाला शब्द लिहून घे, तुझ्या पहिल्या स्क्रीनवर काय असायला हवं ते बरंचसं त्यातच सापडेल.

आता करिअरचं. दीड लाख आत्ता भरू नकोस. फिग्मा तुला येतंय, तिथं अडलेलं नाही. त्यापेक्षा डेटाबेसमधनं माहिती काढायची भाषा एसक्यूएल शीक, स्टेशनचे लॉग स्वतः काढून बघता आले पाहिजेत. सुंदर स्क्रीन करणारी मुलं आज ढिगानं आहेत, पण बीएमएस काय सांगतोय ते कळणारी आणि ते रात्रपाळीच्या माणसाला समजेल असं मांडणारी फार कमी आहेत, आणि हे ईव्हीपुरतंच नाही, सोलर, पाणीपुरवठा, कुपवाडच्या एमआयडीसीतले कारखाने, सगळीकडं असे डॅशबोर्ड आहेत. पोर्टफोलिओत हे काम टाकताना कंपनीची लेखी परवानगी घे, खरे आकडे आणि ठिकाणं बदल, आणि तुझी पहिली डार्क थीमवालीही ठेव, ती का वापरली गेली नाही ते लिही, मुलाखत घेणारा तिथंच थांबून वाचेल.

सीईईडी जरूर दे. आयआयटी मुंबई घेते, परीक्षा जानेवारीत असते, फॉर्म ऑक्टोबरच्या आसपास सुटतात, इंजिनिअरिंगवाल्यांना चालते. तिथल्या आयडीसी या डिझाइनच्या विभागात इंटरॅक्शन डिझाइनचं एम.डेस. (डिझाइनची मास्टर्स पदवी) आहे, पण स्केचिंगचा सराव आत्तापासून लागेल, रोज थोडा का होईना.

पप्पांचं म्हणशील तर त्यांची काळजी मला अजिबात चुकीची वाटत नाही. स्टार्टअपचा भरवसा नसतो आणि लाखो रुपये घालून शिकवलेली पोरगी घरात बसून रंग निवडतेय असंच त्यांना दिसतंय. त्यांना तापलेल्या बॅटरीचं आणि चार्जरचं ते सांग, हे इलेक्ट्रिकलचंच काम आहे हे त्यांना कळेल. महावितरणची जाहिरात आली तर फॉर्म भर, त्यात काही जात नाही, पण त्या अभ्यासासाठी ही इंटर्नशिप अर्धवट सोडू नकोस. पुण्याहून आलीस की टिपणाची पानं मला पाठव, आणि येत्या शनिवारी पप्पांना घेऊन ऑफिसला ये, कोर्सवाल्यांना तोवर होही म्हणू नकोस.