बडोद्यात रविवर्मा बघायला निघालात? आधी भिंग घ्या

सुरुवात महाराजा फत्तेसिंह म्युझियमपासून करा. तिथली मूळ तैलचित्रं तासभर निवांत पाहा आणि मगच जुन्या बाजारातल्या छापील लक्ष्मी-सरस्वतीकडे वळा. उलटं केलंत तर डोळ्याला छापाची सवय लागते.

रविवर्म्यांचा छापखाना १८९४मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. दगडावरून छपाई, म्हणजे प्रत्येक रंगाला वेगळा दगड आणि कागद तितक्या वेळा यंत्राखाली. एखादा दगड केसभर सरकला की ओठांचा लाल रंग ओठाबाहेर येतो. कडेला असा रंग सुटलेला दिसला तर नाक मुरडू नका, ती त्या कामाची खूण आहे.

दहापट भिंगातून चेहरा बघा. वेडेवाकडे, वाळूसारखे कण दिसले तर दगडी छपाई. एकसारख्या ठिपक्यांची फुलं दिसली तर नंतरचं ऑफसेट, म्हणजे आधुनिक यंत्रछपाई, विक्रेता काहीही सांगो. वरच्या कॅनव्हाससारख्या पोतावर मात्र भुलू नका. तो कागदावर दाबून उठवता येतो. व्हार्निशही फसवं, जुनं झालं की पिवळं पडतं आणि निळं आकाश हिरवट दिसतं. तो मळ समजून ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नका, कागद फुगतो, रंग पापुद्र्यांनी सुटतो.

दरबारातला देव यंत्रामुळे चाळीतल्या खिळ्यावर आला. त्यामुळे चौकट उघडलीत तर मागचा भाग आणि चित्रावरच्या पूजेच्या खुणाही वाचा: कुंकवाचे डाग, उदबत्तीची काजळी, साडीवर चिकटवलेली जरतार. संग्राहक ते ‘खराब’ म्हणतात. माझ्या मते अर्धा इतिहास तिथेच असतो.