कोऱ्या धनादेशांवरचे कर्ज आणि परवाना नसलेला सावकार

प्रश्न : मी नाशिकला कंत्राटी कामगार आहे. पगार लांबला म्हणून वस्तीतल्या एका गृहस्थांकडून दरमहा १० टक्के व्याजाने ४०,००० रुपये घेतले आणि सही केलेले दोन कोरे धनादेश दिले. आठ महिन्यांत ३२,००० रुपये मोबाइलवरून पाठवले. ते सारे व्याजातच गेले असे सांगून आता ते १,२०,००० रुपयांचा आकडा भरून धनादेश बँकेत टाकण्याची धमकी देतात. त्यांच्याकडे सावकारीचा परवाना नाही.

उत्तर : महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा असून कलम ३९ खाली पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शेतकरी नसलेल्या कर्जदाराला विनातारण कर्जावर परवानाधारक सावकारासाठी शासनाने ठरवलेला दर वर्षाला १८ टक्के आहे. त्या दराने आपल्या आठ महिन्यांचे व्याज ४,८०० रुपये होते. म्हणजे देणे उरलेच, तर १२,८०० रुपयांहून अधिक नाही.

तरीही धनादेशाची बाजू हलकी समजू नका. सही आपली असेल, तर आकडा दुसऱ्याने भरला तरी धनादेश देणे फेडण्यासाठीच दिला असे न्यायालय परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (धनादेशांविषयीच्या कायद्याच्या) कलम १३९ प्रमाणे गृहीत धरते आणि ते खोडून काढण्याचा भार आपल्यावर येतो. परवाना नसलेल्या सावकाराला वसुलीच्या दाव्यात हुकूमनामा (न्यायालयाचा वसुलीचा आदेश) मिळत नाही, पण त्याच अधिनियमाच्या कलम १३८ खाली, म्हणजे धनादेश न वटल्याबद्दल, केलेल्या फौजदारी तक्रारीत केवळ तेवढ्या मुद्द्यावर आपली सुटका होईल असे नाही. त्यावर न्यायालयांचे निर्णय एकमुखी नाहीत. आपला खरा आधार म्हणजे मोबाइलवरून पाठवलेल्या रकमांची नोंद. धनादेश वटवायला टाकला त्या दिवशी प्रत्यक्ष देणे असलेल्या रकमेपेक्षा त्यावरची रक्कम जास्त असेल, तर कलम १३८ चा गुन्हा होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दशरथभाई पटेल प्रकरणात स्पष्ट केले आहे.

म्हणून बँकेचा खातेउतारा आणि धमकीचे संदेश जोडून सावकारीवर देखरेख ठेवणाऱ्या तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे लेखी तक्रार आजच द्या, धनादेश बँकेत जाण्याची वाट पाहू नका. या कार्यालयाला झडती घेऊन कागदपत्रे जप्त करण्याचा अधिकार आहे, आणि त्या गृहस्थांकडे इतरांचेही कोरे धनादेश सापडले, तर एकदाच दिलेली हातउसनी रक्कम नव्हे, हा धंदाच आहे, हे सिद्ध होण्यास मोठी मदत होईल. शेजाऱ्यांपैकी कोणी असेच अडकले असेल, तर त्यांनाही सोबत घ्या. बँकेला धनादेश क्रमांक देऊन पैसे न देण्याची सूचना करता येते, मात्र एवढ्याने कलम १३८ टळत नाही. धनादेश परत गेल्यावर वकिलाची नोटीस आली, तर ती घेण्याचे टाळू नका; मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत हा सारा हिशेब मांडून उत्तर पाठवा.