सुरी फिरली की आतून झाड : तुमचे केकचे प्रश्न

ऑक्टोबरच्या अंकात मी सहज एका ओळीत लिहून गेले की केकच्या पोटात चित्र लपवता येतं, बाहेरून साधा दिसतो आणि कापला की आतून चांदणी नाहीतर बदाम निघतो. झालं, तेव्हापासून इनबॉक्स नुसता केकने भरलाय. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि डिसेंबर आहे म्हणून वसईच्या बाईंना पहिला मान.

ताई, आमच्याकडे नाताळला पंचवीस-तीस माणसं जमतात. फ्रूट केक सासूबाईंचा, त्यात मी हात घालत नाही. पण मुलांसाठी आत ख्रिसमस ट्री दिसेल असा केक करायचाय. मागच्या वर्षी केला तर झाडं तरंगत वर आली, वरून डोकावायला लागली, आणि खाताना झाड कोरडं ठणठणीत. कुठे चुकलं? (एक वाचक, वसई)

सासूबाईंच्या फ्रूट केकमध्ये हात घालत नाही हे फार शहाणपणाचं, पुढचं सगळं सोपंय.

झाडं वर आली कारण बॅटर पातळ होतं. भाजलेल्या केकमध्ये हवा असते, तो कच्च्या बॅटरपेक्षा हलका, मग तो वर येणारच, पाण्यात लाकूड येतं तसा. म्हणून इथे हलकाफुलका स्पंज चालत नाही, पाउंड केकच लागतो. बटर, पिठीसाखर, मैदा, अंडी चारही सारख्या वजनाचे, ९ बाय ५ इंचाच्या लोफ टिनला प्रत्येकी २२५ ग्रॅम (अंडी साधारण चार), दीड चमचा बेकिंग पावडर, व्हॅनिला. बॅटर चमच्यावरून ओघळलं नाही पाहिजे, थबकन पडलं पाहिजे. तसं पडत नसेल तर दूध घातलंय तुम्ही, खरं सांगा.

आता क्रम. आदल्या दिवशी झाडांसाठी हिरवा रंग घालून एक केक करून घ्यायचा, १६५ डिग्रीला पन्नास मिनिटं ते तासभर. गरम असताना अजिबात हात लावू नका, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी एक-एक इंचाचे स्लाइस करा आणि कुकी कटरने झाडं काढा. कटर दोन इंचापेक्षा मोठा नको, टिन जेमतेम अडीच-पावणेतीन इंच खोल असतो आणि झाडाच्या खाली-वर बॅटरला जागा लागते. मग ही झाडं ताटात पसरून दोन तास फ्रीजरला. कोरडेपणाचं औषध हेच, दुसऱ्यांदा ओव्हनमध्ये जाताना झाड गोठलेलं असलं की बाहेरचा केक भाजून होईपर्यंत आतला फक्त वितळून गरम होतो, सुकत नाही. तुम्ही बहुतेक ताजी झाडं थेट लावली असणार.

टिनला बटर पेपर लावा, कडेने वर येऊ दे म्हणजे नंतर धरून उचलता येतं. परत तसंच, पण बिनरंगाचं पांढरं बॅटर करा आणि तळाला अर्धा इंच पसरा. त्यावर झाडं एकामागे एक रांगेत, शाळेत प्रार्थनेला उभं करतात तशी, पण एकमेकांना घट्ट चिकटून. मध्ये फट राहिली तर बॅटर शिरतं आणि नेमका त्याच स्लाइसला झाड गायब. बुंधा तळाच्या बॅटरमध्ये जरासा रुतवा, तो धरून ठेवतो. मग उरलेलं बॅटर पायपिंग बॅगेत भरा, नसेल तर दुधाची पिशवी धुऊन पुसून कोपरा कापा. झाडाच्या फांद्यांखालच्या खाचा असतात ना, तिथे बॅटर आपोआप जात नाही, पोकळी राहते आणि कापल्यावर भोकं दिसतात. आधी त्या खाचा भरा, मग बाजू, मग वरून झाकून टाका. चांदणीला तर अशा पाच खाचा, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याने चांदणीच्या वाटेला जाऊच नये, झाड किंवा बदाम बरा. सगळं बॅटर मावणार नाही, उरेल त्याचे कपकेक.

परत १६५ ला, साधारण पंचावन्न मिनिटं, वरून रंग लवकर यायला लागला तर फॉईल टाका. आणि एक गोष्ट जी मला दोन केक कच्चे राहिल्यावर कळली: सळई मध्यभागी खुपसून बघू नका! मध्यभागी आधीच भाजलेलं झाड आहे, सळई स्वच्छच येणार. झाड आणि टिनची कड यांच्या मधल्या भागात खुपसा.

माझी फजिती पण सांगून टाकते. पहिल्या वर्षी केक झकास झाला, वर आयसिंगला सपाट बाजू हवी म्हणून मी तो उलटा केला आणि विसरून गेले. शेजाऱ्यांकडे सगळ्यांसमोर कापला तर प्रत्येक स्लाइसमध्ये शीर्षासन करणारं झाड. शेजाऱ्यांचा पाच वर्षांचा मुलगा म्हणाला, ‘आंटी, भोवरा?’ तेव्हापासून टिनवर पेनाने बाण काढते, वर म्हणजे वर. उलटाच करायचा असेल तर झाडं उलटी लावा.

मी आठवीत आहे. कृत्रिम रंग नको म्हणून मी आतल्या बदामासाठी बीट किसून घातलं. बॅटर एकदम मस्त गुलाबी होतं पण भाजल्यावर तपकिरी झालं. आई म्हणते तू जास्त भाजलास. (पुणे)

आईला सांग की दोष भाजण्याचा नाही, बीटचाच आहे. बीटचा रंग उष्णतेने मोडतो, आणि सोडा जास्त असला की अजूनच पिवळट-तपकिरी होतो. त्याला आंबट आवडतं. सोडा कमी, दही किंवा लिंबू जास्त असं केलंस तर थोडा टिकेल, पण लालभडक बदाम बीटमधून येणार नाही, मळकट गुलाबी येईल, आणि तुला तो चालत असेल तर काहीच बिघडलं नाही.

हळदीचं बरोबर उलट होतं, ते करून बघच. पिवळा केक हवा म्हणून हळद घातली आणि सोडा जास्त झाला तर केक लालसर होतो. हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल होतो बघ, तेच. हळदीपासून कुंकू करतात तेही याच तत्त्वावर. तेव्हा हळद घालायची तर सोडा टाळ, फक्त बेकिंग पावडर वापर आणि तीही मोजून.

हिरव्यासाठी पालकाची अगदी घट्ट प्युरी चालते, चव लागत नाही फारशी (माझ्या नवऱ्याला लागते, त्याला सगळंच लागतं). लाल मात्र मी जेल रंगातूनच आणते, टूथपिकच्या टोकावर येईल एवढा. बाटलीतला पातळ रंग नको, रंग यायला तो भरपूर ओतावा लागतो आणि बॅटर पातळ होतं. मग काय होतं ते वर वसईच्या मावशींना सांगितलंय.

बुद्धिबळाच्या पटासारखा चॉकलेट-व्हॅनिला केक करायचाय, मुलगा बुद्धिबळ खेळतो. पण तो रिंगांचा स्पेशल टिन इथे मिळत नाही, ऑनलाइन महाग आहे. आणि आमच्याकडे अंडं चालत नाही. (कोल्हापूर)

टिन नकोच. आठ इंची गोल टिनमध्ये दोन चॉकलेट आणि दोन व्हॅनिला असे चार केक भाजा, प्रत्येक सव्वा-दीड इंच उंच, फुगलेला माथा सुरीने सपाट करा. आता घरात साधारण सव्वापाच आणि पावणेतीन इंचाचं काहीतरी गोल शोधा, डब्याचं झाकण, वाटी, पेला, स्वयंपाकघरात स्टीलच्या गोल वस्तूंना तोटा नसतो. मधोमध ठेवून दोन गोल कापले की प्रत्येक केकचे तीन भाग होतात: बाहेरची रिंग, मधली रिंग, आतला गोळा. मग फक्त मधल्या रिंगांची अदलाबदल करायची. चॉकलेटमध्ये व्हॅनिलाची रिंग, व्हॅनिलात चॉकलेटची. एकावर एक ठेवताना काळी कड, पांढरी कड, काळी, पांढरी. तुकडा कापला की पट तयार. घर चौकोनी दिसायला रिंगची रुंदी आणि थराची उंची जवळपास सारखी पाहिजे, तेवढं सांभाळा. मध्ये क्रीमचे जाड थर लावू नका, रेघा दिसतात आणि पट बिघडतो. कोमट जॅम गाळून ब्रशने लावा, पुरे.

बिनअंड्याचा केक भुसभुशीत असतो, ताजा कापला तर रिंग हातात येईपर्यंत भुगा. कंडेन्स्ड मिल्क आणि दह्याची तुमची नेहमीची रेसिपी असेल तीच घ्या, पण एक रात्र प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये, आणि कापण्याआधी अर्धा तास फ्रीजर. रिंग तुटलीच तर घाबरू नका, जॅम लावून बसवा, आतला सांधा कोणाला दिसत नाही.

आम्ही सिंगापूरला असतो. मलेशियातल्या सारावाकला फिरायला गेलो तेव्हा कुचिंगमध्ये नदीकाठी केकची दुकानं बघितली, आत असली नक्षी की मला ती पैठणीच्या काठासारखी वाटली. हे घरी होतं का? आमच्या गोव्याच्या मैत्रिणीचं म्हणणं हा आपला बेबिंकाच आहे.

हा प्रश्न वाचून मी खुर्चीतून उठलेच. केक लापिस सारावाक! झाड लपवणं वगैरे बालवाडी, नक्षी लपवण्यातले खरे मास्तर हे लोक. लापिस म्हणजे मलायमध्ये थर. मूळ इंडोनेशियातलं, डच काळातलं, डच त्याला स्पेककूक म्हणायचे कारण पट्टे डुकराच्या चरबीच्या थरांसारखे दिसायचे. सारावाकने त्यात रंग आणि भूमिती घातली. ईद असो, चिनी नवीन वर्ष, नाताळ नाहीतर जूनमधला गावाई हा सुगीचा सण, पाहुण्यांसमोर हा केक येतोच. २०१० मध्ये त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय.

मैत्रीण अर्धी बरोबर आहे. बेबिंका (त्यालाही २०२३ मध्ये जीआय मिळाला) नारळाच्या दुधाचा, बलकांचा, पारंपरिक सात थरांचा, आणि प्रत्येक थर वरून आच देऊन भाजायचा, पूर्वी झाकणावर सोडणाचे निखारे ठेवून. लापिसही तसाच, एक थर ओता, वरच्या आचेवर भाजा, मग पुढचा. पण बेबिंका तिथे थांबतो आणि लापिस तिथून सुरू होतो, कारण भाजलेली वडी कापून, फिरवून, जॅमने परत चिकटवली की नक्षी बनते.

घरी होतं, एक अख्खा दिवस द्या. सात इंची चौकोनी टिन. ३०० ग्रॅम बटर आणि १७५ पिठीसाखर पांढरं होईपर्यंत फेटा, आठ बलक एक-एक करून, १५० ग्रॅम मैदा, शेवटी आठ अंड्यांचा पांढरा फेटून अलगद मिसळा. साधारण एक किलो बॅटर होतं. काट्यावर वजन करून ५८५ ग्रॅम लाल, ४४० पिवळं. थर सात, प्रत्येकी १४५ ग्रॅमच्या आसपास, सुरुवात लाल आणि शेवटही लाल. हे महत्त्वाचं आहे, का ते पुढे. पहिला थर १८० ला दोन्ही रॉडवर दहा मिनिटं, मग फक्त वरचा रॉड, प्रत्येक थराला पाच-सहा मिनिटं, समोरून हलायचं नाही, फोन आला तरी. प्रत्येक थर झाला की सपाट बुडाच्या वाटीने हलकेच दाबा, बुडबुडे जातात आणि थर चिकटतात.

रात्रभर फ्रिजमध्ये. वडी साडेतीन सेंटिमीटर उंच झाली असेल तर पट्ट्याही तेवढ्याच रुंदीच्या कापा, म्हणजे समोरून बघितलं की चौकोन दिसेल आणि त्यात सात आडव्या रेघा. आता अशा दोन पट्ट्या घ्या आणि प्रत्येक पट्टी दोन्ही कर्णांवर लांबीने कापा. प्रत्येकीच्या चार त्रिकोणी कांड्या झाल्या. वरच्या-खालच्या कांड्यांमध्ये रेघा बाहेरच्या बाजूला समांतर आहेत, डाव्या-उजव्यांमध्ये बाहेरच्या बाजूला काटकोनात. दोन्ही पट्ट्यांच्या वरच्या-खालच्या मिळून चार कांड्या टोकं आत करून जोडल्या की चौकोनात चौकोनात चौकोन. उरलेल्या चार जोडल्या की मधून चारी दिशांना पट्टे फुटलेली दुसरीच नक्षी. वाया काही नाही! आणि वरचा-खालचा थर एकाच रंगाचा नसता तर चौकोन सांध्यावर जुळलेच नसते, म्हणून लाल ते लाल.

पटत नसेल तर आधी नातवंडांच्या चित्रकलेच्या वहीत रेघा मारून कात्रीने कापून बघा. मी अजूनही प्रत्येक वेळी कागदावर कापते, कारण आठ अंड्यांपेक्षा कागद स्वस्त.

२६ जानेवारीला सोसायटीत आत तिरंगा असलेला केक कापायचा आहे. कोणी म्हणतंय गुन्हा होतो. (ठाणे)

मी वकील नाही, पण हा वाद कोर्टात जाऊन आलाय. कोईमतूरला २०१३ च्या नाताळात तिरंगा आणि अशोकचक्र असलेला केक कापला होता, त्यावर मद्रास हायकोर्टाने २०२१ मध्ये सांगितलं की हा १९७१ च्या कायद्याखाली राष्ट्रध्वजाचा अपमान ठरत नाही. तरी सोसायटी म्हटली की एक काका असतातच. मी तीन रंगांचे नुसते थर देते, चक्र काढत नाही, म्हणजे काकांनाही तुकडा खाता येतो. आणि परत तेच, केक उलटा करू नका, केशरी वर.

झाडं काढून झाल्यावर हिरव्या केकचा जो सांगाडा उरतो त्याचं काय करायचं? टाकवत नाही. (एक वाचक, नागपूर)

टाकू नकाच, अर्ध्याहून जास्त केक त्यातच असतो. बोटाएवढे तुकडे करा, १३० डिग्रीला चाळीस-पन्नास मिनिटं, मध्ये एकदा उलटा, ओव्हनमध्येच गार होऊ द्या. बेकरीत मिळतात तसे केक टोस्ट तयार, डब्यात पंधरा दिवस राहतात. फक्त चहात बुडवला की चहा हिरवट होतो, पाहुण्यांना आधी सांगा.