परसातल्या कोंबड्या: उबवणीच्या पेटीपासून लसीपर्यंत, वाचकांचे प्रश्न

पाऊस लागला की आमच्याकडं येणारी निम्मी पत्रं अंडी उबवण्याबद्दलचीच असतात. त्यातली पाच घेतलीत, पहिल्याचं उत्तर लांबलंय कारण तोच घोळ बहुतेकांचा आहे.

प्रश्न: नमस्कार काकू. आमचं गाव जांबोटीच्या बाजूला, खानापूर तालुक्यात. थर्माकोलच्या पेटीत बल्ब, छोटा फॅन नि थर्मोस्टॅट लावून २४ गावठी अंडी ठेवली, पाण्याची वाटी पहिल्या दिवसापासून भरलेली. २१व्या दिवशी फक्त ५ पिल्लं आली. दोन अंड्यांना चोचीचं भोक पडलं पण पिल्लू तिथंच अडकून मेलं. बाकीची नंतर फोडून बघितली तर आत पूर्ण वाढलेली पिल्लं मेलेली, अंग सगळं चिकट पाण्यानं भरलेलं. लाईट रोज तास दीड तास जात होती. शेवटी शेवटी तर घरातली सगळी दर अर्ध्या तासाला झाकण उघडून बघत होती. चुकलं कुठं?

उत्तर: दादा, लाईटला शिव्या घालायच्या आधी मेलेल्या पिल्लांकडं नीट बघा. पूर्ण वाढलेलं पिल्लू म्हणजे अठराएक दिवस तुमची ऊब बऱ्यापैकी बरोबर होती, नाहीतर अंडी कधीच गेली असती. तुम्ही दोन वेगवेगळ्या गोष्टी लिहिल्यात, चिकट पाणी नि भोक पाडून अडकणं, आणि दोन्हीची कारणं वेगळी आहेत.

आधी पाण्याचं. कवचाला बारीक छिद्रं असतात, त्यातून आतलं पाणी रोज थोडं थोडं उडून जातंय नि रुंद टोकाकडची हवेची पोकळी मोठी होत जातीय. पिल्लू शेवटी त्या पोकळीत चोच घालून पहिला श्वास घेतं. १८ दिवसांत अंड्याचं वजन साधारण ११ ते १३ टक्के उतरायला पाहिजे, म्हणजे ४५ ग्रॅमचं गावठी अंडं ४० च्या आसपास यावं. आता जांबोटीकडच्या पावसात घरातले कपडे चार दिवस वाळत नाहीत, हवेतच एवढी ओल, त्यात तुम्ही पहिल्या दिवसापासून वाटी भरून ठेवली मग पाणी उडणार कुठून. पोकळी लहान राहिली, पिल्लू आतल्या आतच गुदमरलं. तर पहिले १८ दिवस आर्द्रता ५० ते ५५ टक्के ठेवा, पावसाळ्यात वाटी न ठेवताच तेवढी मिळते बहुतेक वेळा, अंदाजावर जाऊ नका, आर्द्रता दाखवणारं मीटर काही महाग येत नाही. शेवटच्या तीन दिवसांतच ती ६५ ते ७० वर न्यायची. आणि पेटीला वर-खाली भोकं आहेत का बघा, पिल्लू मोठं होईल तशी हवा जास्त लागते, ओल नि ऊब टिकावी म्हणून भोकं बुजवणारे लोक मी बघितलेत, ते बरोबर उलटं करतात.

आता भोक पाडून अडकलेली दोन. तो झाकणाचा प्रताप. झाकण उघडलं की गरम ओली हवा एका क्षणात बाहेर, आतला पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटतो नि मग त्याला फिरता येत नाही. पहिलं भोक पडल्यापासून बाहेर यायला १२ ते २४ तास लागू शकतात, मधे बराच वेळ ते नुसतं पडून असतं, ते मेलेलं नसतं. त्या वेळात रक्तवाहिन्या आटत असतात नि अंड्यातला बलक पोटात ओढला जात असतो, म्हणून दया येऊन कवच सोलायला गेलात तर रक्त येतं. झाकणात काचेचा तुकडा बसवा म्हणजे पोरांना बघता येईल आणि पेटीला हात लागणार नाही.

लाईट गेली तर पेटीवर गोधडी टाकायची, भोकं मोकळी ठेवून, नि झाकण उघडायचं नाही. दीड तास गेला म्हणून फार काही बिघडत नाही, कोंबडी स्वतः रोज वीसेक मिनिटं उठून जातेच की. अंडं थोडं थंड झालेलं सोसतं, जास्त तापलेलं सोसत नाही. फॅन असेल तर ३७.५ ते ३७.८ अंश, सेन्सर अंड्याच्या उंचीला टांगलेला, बल्बशेजारी नाही. आणि मीटर खरं सांगतंय का ते ताप बघायच्या थर्मामीटरशी एकदा ताडून बघा.

अंडी फिरवण्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत म्हणून सांगते, पेन्सिलनं एका बाजूला फुली नि दुसऱ्या बाजूला गोल काढायचा, दिवसातून ३ किंवा ५ वेळा फिरवायचं, विषम आकडा यासाठी की रोज रात्री तीच बाजू वर राहू नये. १८व्या दिवसापासून फिरवणं बंद. ७व्या दिवशी अंधारात मोबाईलची टॉर्च लावून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा दिसल्या तर जीव आहे, सगळं स्वच्छ दिसलं तर अंडं रिकामं. नुसतं रक्ताचं कडं दिसलं तर ते मेलंय, काढून टाका, आत कुजलं तर फुटून सगळी पेटी घाण करतंय.

प्रश्न: निपाणीत किराणा दुकानात मिळणाऱ्या अंड्यांतून पिल्लं निघतील का? आणि गिरिराजाची चालतील का?

उत्तर: दुकानातली पांढरी अंडी लेयर फार्मची, म्हणजे नुसत्या अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात तिथली, तिथं कोंबडाच नसतो, २१ दिवस काय वर्षभर ऊब दिली तरी काही निघणार नाही. गिरिराजा ही बेंगळुरूला तयार केलेली संकरित जात, परसात कोंबडा असेल तर अंडी फळतील पण पिल्लं आईबापासारखी एकसारखी निघत नाहीत, वजन नि अंडी दोन्ही घटतात. खायला पाळायची असतील तर चालतंय. अंडी ताजी घ्या, ७ दिवसांच्या आतली, धुवायची नाहीत, फ्रिजमध्ये नाही, टोक खाली करून थंड जागी. अथणी-रायबागकडच्या वाचकांनी उन्हाळ्यात तर ओल्या वाळूवर मडकं ठेवून त्यात ठेवावीत, नाहीतर ती ठेवल्या जागीच अर्धवट उबतात नि मरतात.

प्रश्न: आमची कोंबडी खुडूक झालीय, म्हणजे अंडी उबवायला बसलीय. तिच्याखाली किती अंडी ठेवावी? आजी म्हणते ढग गडगडले की अंडी वाया जातात, शेजारी लोखंड ठेव. येळ्ळूर.

उत्तर: खुडूक मिळाली असेल तर पेटीच्या नादाला लागूच नका ताई, दहा-बारा अंड्यांसाठी तिच्याइतकं चांगलं काही नाही. बुट्टीत राख नि वर वाळलेलं गवत, अंधारी जागा, नि अंडी रात्री तिच्याखाली ठेवा, म्हणजे ती नखरे करत नाही. आधी तिच्या पंखाखाली उवा आहेत का बघा, चावून चावून बेजार झाली तर अर्ध्यातून उठते. दाणापाणी जवळ ठेवा, ती दिवसातून एकदाच उठते, भराभर खाते नि एवढं घाण हगते की जवळ उभं राहवत नाही, ते आजारपण नव्हे. लोखंडाचा खिळा ठेवला तर ठेवा, आजीचं मन राहील. गडगडाटानं अंडी मरत नाहीत, त्या पावसात बुट्टीखाली पाणी शिरतं त्यानं मरतात. मुंगूस नि घुशीचा बंदोबस्त मात्र पहिल्या रात्रीपासून.

प्रश्न: बेळगावात टेरेसवर १५ पिल्लं आणलीत, एक दिवसाची. एलईडी बल्ब लावलाय, खाली पेपर, खायला तांदळाची कणी. काहींचे पाय फाकलेत.

उत्तर: तिन्ही बदला. एलईडीला ऊब नसते, जुना पिवळा ६० वॅटचा बल्ब शोधा, पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीला ३५ अंश, पुढं दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लंच बघा, बल्बखाली गठ्ठा करून चिवचिवत असली तर थंडी, कडेला पळून चोच वासून असली तर गरम. पुठ्ठ्याचं गोल कडं करा, चौकोनी खोक्याच्या कोपऱ्यात एकमेकांवर चढून गुदमरतात. पेपरवर पाय घसरतात म्हणून फाकलेत, गोणपाट टाका, मग चार दिवसांनी भाताचं तूस दोन इंच. नुसत्या कणीत पुरेशी प्रथिनं नाहीत, चिक स्टार्टर म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य आणा. पाण्याच्या भांड्यात खडे टाका, नाहीतर बुडून मरतात. ढुंगण चिकटलं असेल तर कोमट पाण्याच्या कापसानं पुसा, ओढून काढू नका.

प्रश्न: तीन आठवड्यांची पिल्लं रक्त हगायला लागलीत. मागच्या वेळी मान वाकडी होऊन सगळी गेली होती. चिकोडी.

उत्तर: रक्त म्हणजे बहुतेक कॉक्सी, आतड्यातल्या परजीवीचा आजार, ओल्या तुसातून होतंय. तूस आजच बदला नि पशुवैद्यकाकडून अ‍ॅम्प्रोलियमचा डोस विचारून पाण्यातून द्या, दोन दिवस थांबू नका. मान वाकडी होऊन एकाच वेळी सगळी जाणं हे राणीखेत या विषाणूच्या रोगाचं लक्षण, त्याला औषध नाही, लसच. पहिल्या आठवड्यात लासोटा ही राणीखेतची लस डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, १४व्या दिवशी गंबोरो रोगाची, चौथ्या आठवड्यात परत लासोटा, सहाव्यात देवीची, आठव्यात आर टू बी ही राणीखेतचीच दुसरी लस. लस बर्फातून आणायची, आणि आजारी पिल्लाला द्यायची नाही म्हणजे तुमच्या आताच्या पिल्लांना आधी बरं होऊ द्या. एका बाटलीत शंभरेक डोस असतात नि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते, उरलेली उद्यासाठी ठेवून उपयोग नाही, तर पुढच्या वेळी गल्लीतल्या तीन-चार घरांनी मिळून पिल्लं एकाच आठवड्यात आणा.