‘ही घुबड, तो मोर’

“मॅडम, ही घुबड निघाली.”

आईने स्पायरल बाइंडिंगची जाडजूड फाइल माझ्यापुढे सरकवली. जिच्याबद्दल हे चाललं होतं ती सात वर्षांची रेवा शेजारच्याच खुर्चीत आईच्या ओढणीचं टोक धरून बसली होती. मी तिला रंग आणि कागद देऊन बाहेर आजीजवळ पाठवलं, मग फाइल उघडली. (नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

एका प्रदर्शनातल्या स्टॉलवर दोन्ही मुलांच्या दहाही बोटांचे ठसे घेऊन त्यावरून स्वभावाचा प्रकार काढला होता. दोघांचे मिळून सात हजार रुपये. चार वर्षांचा धाकटा ‘मोर’ निघाला, म्हणजे बोलका, मिरवणारा. रेवा ‘घुबड’, म्हणजे शांत, विचारी. बाबा सेल्समध्ये, माणूस मोकळा. म्हणाले, “घुबड तर घुबड, आमची काही तक्रार नाही. पण तिला त्याप्रमाणे वाढवायचं कसं, ते यात नीट दिलेलं नाही.”

पूर्वी पालक “हिचं पुढं कसं होणार?” असं विचारत यायचे. आता पुष्कळ जण निकाल हातात घेऊनच येतात.

बोटांवरच्या रेषा गर्भातच, साधारण पाचव्या महिन्यापर्यंत ठरतात आणि जन्मभर तशाच राहतात. पोलिसांना त्या उपयोगी पडतात त्या यामुळेच. पण त्यावरून मूल बोलकं होईल की घुमं, गणितात चालेल की चित्रकलेत, हे सांगता येत नाही. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने 2019 मध्ये ठशांवरून स्वभाव आणि बुद्धी सांगणाऱ्या या ‘डीएमआयटी’ चाचणीला शास्त्रीय आधार नाही, असं स्पष्ट म्हटलं आहे. मी हे सांगितल्यावर बाबांचा चेहरा पडला. सात हजारांचं वाईट मलाही वाटलं. मग ते म्हणाले, “आमच्या कंपनीत ट्रेनिंगला प्रश्न विचारून स्वभावाचा चार अक्षरांचा प्रकार काढतात, तो तरी?” ती चाचणी दोनदा दिलीत का, असं विचारलं, तर दोनदा दिली होती आणि अक्षरं बदलली होती. स्वतःच हसले.

फाइल बाजूला ठेवल्यावर मुद्द्याचं बोलणं सुरू झालं. घरात रेवाचं तोंड मिटत नाही. पाहुणे आले की मात्र आत पळते. वाढदिवसाला नेलं की दारातच रडते आणि निघायची वेळ झाली की खेळायला लागते. डान्स क्लास दोन दिवसांत सोडला. आजी सगळ्यांदेखत “आमची घुमी” म्हणते.

अशा वेळी मी दोन गोष्टी आधी तपासते. कानाने नीट ऐकू येतं ना, आणि शाळेत बोलते का. घरी भरभरून बोलणारं मूल शाळा सुरू होऊन पहिला महिना उलटल्यावरही तिथे महिना-महिना अवाक्षर काढत नसेल, तर त्याला ‘लाजाळू’ म्हणून सोडून देऊ नये, तज्ज्ञांकडे न्यावं. रेवा हळू आवाजात का होईना, बाईंना उत्तरं द्यायची. एक जिवाभावाची मैत्रीणही होती. म्हणजे तसं काही नव्हतं.

अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मनोविकारतज्ज्ञ पती-पत्नींनी 1956 मध्ये न्यूयॉर्कमध्ये 133 मुलांचा अभ्यास सुरू केला. तान्ही असल्यापासून ती मोठी होईपर्यंत त्यांनी ती न्याहाळली. शंभरातली साधारण 40 मुलं सहज जुळवून घेणारी, 10 अवघड, तर 15 नव्या गोष्टीला सावकाश रुळणारी निघाली. रेवा या शेवटच्या गटातली वाटते, हे मी सांगितलं. आईने लगेच डायरी काढली, तेव्हा पुढचंही सांगितलं: उरलेली 35 मुलं कुठल्याच गटात बसली नाहीत, आणि गट पाडणाऱ्यांनीच ते लिहून ठेवलं. त्यांचा भर गटापेक्षा मुलाच्या स्वभावाचा आणि घराच्या अपेक्षांचा मेळ बसतो का, यावर होता. हीच रेवा अबोल माणसांच्या घरात असती, तर कदाचित कुणी माझ्याकडे आणलीही नसती.

आता माझी चूक. पहिल्या दिवशी निघताना मी म्हणाले, “तिच्यावर जबरदस्ती करू नका.” तीन आठवड्यांनी आई आनंदात आली. रडणं थांबलं होतं. कारण वाढदिवसांना जाणंच बंद केलं होतं. पाहुणे येणार म्हटलं की रेवाला आधीच आतल्या खोलीत टीव्ही लावून देत होते. ‘ती घुबड आहे’ची जागा ‘ती सावकाश रुळणारी आहे’ने घेतली होती, एवढाच फरक. हार्वर्डच्या जेरोम केगन यांच्या गटाने बुजऱ्या प्रकृतीची बाळं वर्षानुवर्षं पाहिली. ज्यांना पालकांनी प्रत्येक नव्या गोष्टीपासून जपलं, त्यांची भीती जास्त टिकली. ज्यांना प्रेमाने, पण थोडं पुढे ढकललं, त्यांची कमी झाली. हे मला ठाऊक होतं, पण सांगायचं राहिलं.

मग आम्ही वाढदिवसापासूनच सुरुवात केली. मैत्रिणीच्या घरी सगळ्यांच्या अर्धा तास आधी पोचायचं. फुगे लावायला रेवाने मदत करायची. घर ओळखीचं झालं की एकेक मूल येईल, आणि तिला गर्दीत शिरावं लागणार नाही, गर्दीच तिच्याभोवती जमेल. आईने पहिली वीस मिनिटं थांबायचं, मग सांगून निघायचं, गुपचूप नाही. पाहुण्यांना पाण्याचा पेला नेऊन द्यायचा. बोलायची सक्ती नाही, पण आत पळायचंही नाही. डान्स क्लासला आधी दोन दिवस नुसतं बसून बघायचं. पहिल्या दोन क्लासच्या बाई याला तयार नव्हत्या, तिसऱ्या क्लासच्या झाल्या.

पहिल्या वाढदिवसाला ती तरीही रडली. दुसऱ्याला केक कापेपर्यंत फुग्यांच्या पंपाजवळून हलली नाही, पण घरी जाऊया म्हणाली नाही.

आजीची समजूत घालणं सगळ्यात कठीण गेलं. “घुमीला घुमी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?” मी म्हटलं, “आजी, नवीन लोणचं मुरायच्या आत ताटात वाढता का तुम्ही?” त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या खेपेला आईने सांगितलं की पाहुण्यांपुढे तो शब्द निघालेला नाही.

मोराचंही सगळं आलबेल नव्हतं. येईल त्याच्यापुढे त्याला गाणं म्हणायला लावत होते आणि हल्ली तो त्याच वेळी चिडून वस्तू फेकत होता. त्याचीही सुट्टी मंजूर करून घेतली.

रेवा पहिले तीन वेळा माझ्याकडे आली, पण माझ्याशी एक वाक्यही बोलली नव्हती. चौथ्या वेळी आई बाहेर थांबली. रेवाने बराच वेळ हिरव्या खडूने झाड रंगवलं. मी माझ्या कागदावर काहीतरी गिरगटत होते. मग वर न बघता तिने विचारलं,

“घुबडं रात्री जागी असतात ना? मग मला साडेनऊला झोप का येते?”