सिम्स ४ या कॉम्प्युटर गेममध्ये खेळाडूंनी बनवलेले कपडे, फर्निचर टाकले तर कॉम्प्युटरला धोका आहे का?
फाइल .पॅकेज असेल तर धोका फारच कमी; .ईएक्सई, म्हणजे उघडताच चालणारा प्रोग्राम, आली तर उघडूच नका, तिथेच डिलीट करा. नागपुरात सीताबर्डीला मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो, पोरांच्या मशीनमध्ये व्हायरस बहुतेकदा अशाच 'इन्स्टॉलर'मधून शिरलेला असतो. विंडोज फाइलच्या नावातली शेवटची अक्षरं लपवतं, म्हणून आधी फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा. मग तुमचा खेळ साठवलेल्या सेव्हज फोल्डरची कॉपी पेनड्राइव्हवर घ्या, हे टाळू नका. झिप उघडून फाइल डॉक्युमेंट्स, इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, द सिम्स ४, मॉड्स इथे ठेवा आणि गेमच्या सेटिंग्जमध्ये कस्टम कंटेंट चालू करा. .टीएस४स्क्रिप्ट फाइलमध्ये मात्र चालणारा कोड असतो. ती बनवणाऱ्याच्या स्वतःच्या पानावरूनच घ्या.